तीन टिंबांच्या अलीकडे

मेटा टॅगवरून भावकीत अबोला धरलेलं भिवंडी तालुक्यातलं आमचं हे पहिलंच घराणं असावं. बांधावरून, विहिरीवरून, हळदीच्या पंगतीत मटण आधी कोणाच्या पानात पडलं यावरून धरलेले अबोले मी भरपूर पाहिले आहेत. नोकरी सरकारी कचेरीत झाली, त्यामुळे त्यांतले निम्मे कागद होऊन माझ्याच टेबलावरून गेले. पण जी गोष्ट डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तिच्यावरून चुलत भावाने तोंड फिरवावं हे आमच्याच नशिबी होतं. यात माझा दोष नव्हता, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

माझी मुलगी दिशा फिजिओथेरपिस्ट आहे. तिने शेलारला रस्त्यालगतच्या गाळ्यात दवाखाना काढला. आत दोन पलंग, शेक द्यायचं एक यंत्र, भिंतीवर मणक्याचं चित्र आणि टेबलावर एक घंटी, जी वाजवायला कोणी येत नव्हतं. वास्तविक भिवंडीत कंबर न दुखणारा माणूस शोधून काढावा लागेल. कोणाची लूमवर उभं राहून दुखते, कोणाची गोडाऊनमध्ये खोकी उचलून दुखते, आणि ज्यांना काहीच कामधंदा नाही त्यांची आमच्या रस्त्यांवरून रिक्षाने जाऊन दुखते. पण आमचे लोक दुखऱ्या कंबरेला तेल लावतात, चोळून देणाऱ्या बाईकडे जातात, अगदीच नाही तर देवाला नारळ बोलतात. व्यायाम करायला सांगणाऱ्या पोरीकडे जाणं त्यांना पटत नाही.

सुरतेच्या एका हॉस्पिटलने दिशाला नोकरी देऊ केली होती. दिवाळीपर्यंत दवाखाना चालला तर ठीक, नाहीतर ती सुरतेला जाणार होती. ती गेली की घरात मी, बायको पार्वती आणि टीव्ही उरणार होतो, आणि त्यातही टीव्ही पार्वतीच्या ताब्यात. मला ती जायला नको होती. हे तिला सरळ सांगण्याऐवजी मी दवाखान्याच्या प्रसिद्धीचं काम अंगावर घेतलं. मुलीला ‘थांब’ म्हणायची दुसरी कुठली पद्धत मला येत नाही.

वेबसाइट तयार होती. ती खारबावच्या भावेशने केली होती. भावेश म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर छापणारा माणूस. अलीकडे तो वेबसाइटही करतो. त्याने केलेल्या वेबसाइटच्या चारी कोपऱ्यांत गणपती असतो आणि ती उघडली की सनई वाजते. सनई मी बंद करायला लावली, कारण पाठ धरलेला माणूस दचकला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता.

तरीही गूगलवर ‘शेलार फिजिओथेरपी’ शोधलं की ठाण्याचे, कल्याणचे आणि एक बेळगावचा दवाखाना यायचा, आमचा यायचा नाही. मी शेजारच्या सुगतरावांना विचारलं. ते एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरून करतात, म्हणजे दिवसभर गॅलरीत उभे राहून फोनवर इंग्रजी बोलतात.

“नाना, तुमच्या वेबसाइटला मेटा टॅगच नाहीत,” ते म्हणाले. “गूगलवर नाव येतं ते टायटल. त्याच्या खाली दोन ओळी येतात ते डिस्क्रिप्शन. हे वेबसाइटवर कुठे दिसत नाही. आत लिहायचं, गूगल वाचतं आणि लोकांना दाखवतं. ते वाचून माणूस ठरवतो, आत जायचं की नाही.”

“कितीही लिहिलं तर चालतं?”

“दीडशेच्या आसपास अक्षरं. त्यापुढे गेलं की गूगल तीन टिंबं देऊन मोकळं होतं.”

मी विचार केला आणि म्हटलं, “म्हणजे हे निमंत्रण झालं.”

“तसं म्हणा,” सुगतराव म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी ‘तसं म्हणा’ म्हटलं नसतं आणि त्यांचा फोन वाजला नसता, तर पुढचं काही घडलं नसतं.

मी मसुदा लिहायला बसलो. चांगला मसुदा लिहिणारा म्हणून कचेरीत माझं नाव होतं. माझ्या पत्राला कोणी उत्तर देऊ शकत नसे, कारण शेवटपर्यंत पोचेतो सुरुवात विसरायला व्हायचं. मी लिहिलं: ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमचे येथे कुलस्वामिनीच्या कृपेने आमची कन्या दिशा हिने शेलार मुक्कामी कंबर, मान, पाठ इत्यादींवरील उपचारांचा शुभारंभ केला असून’ आणि पुढे बरंच. भावेशने ते टाकलं. टाकताना हाताच्या सवयीने दिशाच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लावलं. गूगलने कृपेपर्यंत आणि कन्येपर्यंत दाखवलं आणि टिंबं दिली. कंबर, मान, पाठ टिंबांच्या पलीकडे गेली. त्या आठवड्यात दवाखान्यात दोन फोन आले. दोघांनीही हळद कधी आहे ते विचारलं.

ही चूक मी दुरुस्त करणारच होतो. पण मधे खारबावला एक हळद निघाली, आणि तिथे मांडवात मी फोन काढून लडकूदादाला गूगल दाखवलं. लडकूदादा माझा थोरला चुलत भाऊ. काल्हेरच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिल्यापासून तो लडकूशेठ झाला आहे आणि त्या आवाराच्या गेटवर ‘लडकूशेठ कंपाउंड’ अशी पाटी आहे. दादाने चष्मा लावून दोन ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

“दामू, ह्या निमंत्रण हाय ना?”

“तसं म्हणा,” मी म्हटलं. ही दुसरी चूक, आणि ती मात्र माझी होती.

“मंग निमंत्रक कोन हाय? आपली भावकी न्हाय का तुला?”

ज्यांना आमच्याकडची पत्रिका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पत्रिकेत नवरानवरीची नावं शोधावी लागतात. बाकी पानभर निमंत्रक, व्यवस्थापक, मामा मंडळी, काका मंडळी, मित्र परिवार आणि अजून बोलता न येणाऱ्या बालकांची आग्रहाची विनंती असते. ज्याचं नाव राहिलं तो लग्नाला येतो, पण जेवत नाही, आणि जेवत नाही हे सगळ्यांना दिसेल अशा जागी बसतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत राहिलेल्या नावाचा विषय आमच्यात अजून निघतो. मला दादाला नाही म्हणता आलं नाही. दिशाच्या लग्नात मांडवाचा पहिला खांब त्यालाच धरायचा आहे.

“नुसता लडकू लिवशील तर कोन वलखंल?” दादाने भावेशला बजावलं. भावेश त्या हळदीला होताच, तो प्रत्येक हळदीला असतो. “लडकूशेठ कंपाउंड, काल्हेर, असा पूर्ण लिव.”

हे मोरूकाकाने ऐकलं. मोरूकाकाचंही काल्हेरला कंपाउंड आहे, दादाच्या कंपाउंडाला लागूनच, आणि त्या मधल्या भिंतीचा विषय मी इथे काढत नाही. त्याचंही नाव आलं. मग बायजाबाई आत्या म्हणाली, “माजा नाव न्हाय टाकलास तरी चालंल. पन मोरूचा टाकशील तर माजा त्याच्या आदी पायजे.” आत्याचं कंपाउंड नाही. तिचं नाव नुसतंच टाकलं, आधी.

सुगतराव मागे एकदा म्हणाले होते की टायटल सगळ्यात महत्त्वाचं. हे मी मांडवात बोलून गेलो, म्हणून दादा टायटलमध्ये गेला. बाकीचे डिस्क्रिप्शनमध्ये. डिस्क्रिप्शन भरल्यावर कीवर्ड नावाची आणखी एक जागा असल्याचं भावेशने सांगितलं. ती गूगल हल्ली वाचत नाही म्हणतात, म्हणून तिथे बायकोकडचे पाहुणे घातले. दिशाला यातलं काही सांगितलं नाही. मेटा टॅग वेबसाइटवर दिसत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.

चार दिवसांनी सकाळी मोरूकाकाचा फोन आला.

“दामू, माजा उंड कुठं हाय?”

“काय कुठे आहे?”

“मोरूशेठ कंपा, आनि फुडं तीन टिंबा. लडकूचा अख्खा कंपाउंड दिसतंय आनि माजा अर्धाच.”

हा मोबाइलचा दोष होता. कॉम्प्युटरवर काका पूर्ण दिसत होता, मोबाइलवर अर्धा. मी त्याला तसं समजावलं, तर तो म्हणाला की गावात कॉम्प्युटर कोणाकडे आहे. शेवटी असं ठरलं की देवीच्या पालखीचा मान फिरतो तशी नावं पाळीपाळीने टिंबांच्या अलीकडे यावीत. भावेश दर सोमवारी क्रम बदलू लागला. आठवड्याच्या मानकऱ्याला तो रविवारी फोन करून कळवायचा, आणि मानकरी सोमवारी सकाळी अंघोळ करून गूगल उघडायचा. उरलेली भावकीही उघडायची, खात्री करायला. एवढे लोक रोज दिशाची वेबसाइट उघडत होते, आणि त्यांतल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती.

नवरात्र संपलं आणि एका सकाळी दवाखान्यासमोर एक सोळा चाकी ट्रक येऊन उभा राहिला. त्याने गाळा, शेजारचं किराणा दुकान आणि त्यापुढचा सलून असा तिघांचा उजेड अडवला. मी तेव्हा दवाखान्यात पेपर वाचत होतो. गर्दी दिसावी म्हणून मी रोज सकाळी तिथे पेपर वाचायचो.

“लडकूशेठ कंपाउंड यही है ना?” ड्रायव्हरने विचारलं. “डायपर का माल है. कहाँ खाली करना है?”

मी त्याला लडकूशेठ कंपाउंड काल्हेरला असल्याचं सांगितलं. काल्हेर म्हणजे भिवंडीच्या पार दुसऱ्या अंगाला, मधे सगळं शहर. त्याने फोन माझ्यासमोर धरला. गूगलवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत दादाचं नाव होतं, आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं की नकाशा त्याला शेलारला आणत होता. दादाच्या कंपाउंडाची गेटवरची पाटी सोडली तर जगात कुठेही नोंद नव्हती. होती ती एवढी एकच, आमची.

दुपारी मोरूशेठ कंपाउंडाचे पंखे आले. दुसऱ्या दिवशी लडकूशेठची मिक्सरची खोकी, आणि पाठोपाठ दिव्यांच्या माळा. दिवाळी जवळ आली की गोडाऊनं भरायला लागतात, आणि कोणत्या आठवड्यात कोणाचा माल येणार हे भावेशच्या सोमवारांवर अवलंबून राहिलं. सलूनवाल्याचं म्हणणं पडलं की गिऱ्हाईकाला आपण आत आहोत की ट्रकखाली तेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीकडून विचारणा आली: सदर गाळ्यात आपण विनापरवाना गोदाम चालविता काय, खुलासा करावा. मी खुलासा लिहिला. तो इतका सविस्तर झाला की त्यावर ‘मग मेटा टॅगची परवानगी कोणाकडून घेतली’ असा पुढचा प्रश्न आला.

दिशाने पंचायतीचं पत्र वाचलं, माझा खुलासा वाचला, मग फोनवर स्वतःचा दवाखाना शोधला. मग खुलाशाला जोडलेल्या नावांच्या यादीवर तिने बोट ठेवलं.

“बाबा, कीवर्डमध्ये कर्जतचे मामा कशाला आहेत?”

“ते गूगल वाचत नाही,” मी म्हटलं.

“मी दवाखाना काढलाय की टोलनाका?” ती शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “जाऊ दे. मी सुरतेला हो म्हणून कळवते. दिवाळी झाली की निघते.”

पार्वती घरी एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही कचेरीत होता तोवर बरं होतं. तिथे निदान कागद कोणी वाचत नव्हतं.” आम्ही जेवायला बसलो होतो. मुलीला थांबवायला गेलो आणि तिला घालवून बसलो, हे मला कळत होतं, आणि ते लपवायला समोर पेपरही नव्हता.

मी भावेशला सगळी नावं काढायला लावली. त्याने काढली, पण गूगलवर ती तशीच राहिली. सुगतराव म्हणाले, इतके दिवस दर सोमवारी बदलायचं ते नशीब होतं, आता गूगल आपल्या सवडीने पुन्हा येऊन वाचेल तेव्हा बदलेल. सवडीने काम करणाऱ्या कचेऱ्यांना काय करायचं ते मला माहीत आहे. मी गूगलच्या अभिप्रायाच्या चौकटीत पहिलं स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं. आवक क्रमांक कुठेच मिळाला नाही. गूगलच्या आधी भावकीला मात्र कळलं, कारण भावेश हळदीला जातो. लडकूदादाने निरोप पाठवला की ज्याला आमच्या नावाची लाज वाटते त्याच्या दारात आमचं काम नाही. मोरूकाकाचं त्याच्याशी भिंतीवरून जमत नाही, पण या बाबतीत दोघांचं एकमत झालं. नावं गूगलवर होती, तरी काढल्याचा राग आला होता. एकाच नावासाठी इकडून ट्रक आणि तिकडून अबोला अशी माझी अवस्था झाली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आणखी एक ट्रक आला. हरियाणाचा होता, पाठीमागे देवाचं नाव आणि चप्पल टांगलेली. मी पत्ता सांगायला बाहेर उभा राहिलो, पण ड्रायव्हर खाली उतरेना. दार उघडून नुसता बसून राहिला.

“लडकूशेठ कंपाउंड?” मी विचारलं.

“हाँजी. पर उतरा नहीं जा रहा,” तो म्हणाला. “कमर पकड़ ली है. सूरत के बाद से.”

सुरतेचं नाव ऐकून मला चांगलं वाटलं नाही. पण माणूस घामाघूम झाला होता. मी दिशाला हाक मारली. ती सामानाची बांधाबांध सोडून बाहेर आली, केबिनच्या पायरीवर चढली आणि त्याला विचारू लागली: कुठे दुखतं, पायात मुंग्या येतात का, एका बैठकीत किती तास चालवता. तिने त्याला कुशीवर कसं वळायचं, पाय आधी कोणता खाली घ्यायचा ते सांगितलं. मी आणि सलूनवाल्याने खालून धरलं. सलूनवाला हे करताना ट्रकबद्दल बोलतच होता.

तासाभराने रामफल, म्हणजे तो ड्रायव्हर, स्वतःच्या पायांनी बाहेर आला. दिशाने त्याला सीटवर गुंडाळी करून ठेवायला टॉवेल दिला आणि दोन व्यायाम करून घेतले. त्याने कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली.

“बेटी, कंपाउंड नहीं मिला, पर जो मिला वो ठीक मिला,” तो म्हणाला. मग त्याने फोन काढला आणि ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर मोठ्याने बोलला. काल्हेरचा पत्ता शोधताना शेलारला पोचलात तर वैतागू नका, कमर दिखा के जाओ, असा त्याचा मथितार्थ होता. मला त्याने काल्हेरचा रस्ता विचारला. मी सांगितला: कुठे पुलाखालून जायचं, कुठे मोठी गाडी वळत नाही, कोणत्या कंपाउंडाचं गेट मागच्या बाजूला आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला या तालुक्यातल्या जमिनीच पाठ झाल्या आहेत, आणि आता त्या सगळ्या जमिनींवर गोडाऊनं आहेत.

पाडव्याच्या दिवशी तीन ट्रक आले. त्यांतल्या दोघांना कोणत्याच कंपाउंडाला जायचं नव्हतं. पैकी एकाची मान धरली होती आणि तो आरशात न बघता उलटा येत होता. दिवाळीनंतर ड्रायव्हरांच्या ओळखीने हमाल आले, हमालांच्या ओळखीने लूमवाले, लूमवाल्यांच्या बायका. आता टेबलावरची घंटी इतकी वाजते की दिशाने ती काढून ठेवली. सुरतेला तिने काय कळवलं ते मला सांगितलं नाही. बांधलेली खोकी एक एक करून पुन्हा उघडली गेली, त्यावरून मी काय ते समजलो. पंचायतीने ट्रक मागच्या मोकळ्या जागेत उभे करायचं ठरवून विषय मिटवला, कारण सरपंचांचा खांदा दिशाच्या हातात होता.

राहिले मेटा टॅग. ते दिशाने या वेळी स्वतः लिहिले आणि भावेशला मधे घेतलं नाही. काय लिहिलं हे मी विचारलं नाही. मसुदा दुसऱ्याने लिहिल्याचं मला थोडं लागलं होतं, हे कबूल करतो. एक दिवस गूगलने आपल्या सवडीने नवीन ओळी दाखवल्या. मी सुगतरावांना बोलावलं नाही, एकट्यानेच वाचलं.

‘कंबर, मान, पाठ, खांदा. ट्रक उभा करायला जागा आहे. काल्हेरच्या कोणत्याही गोदामाचा पत्ता हवा असेल तर दारात बाबा बसलेले असतात, ते सांगतील.’

पुढे टिंबं नव्हती. मी मोबाइलवर पाहिलं, मग सुगतरावांच्या गॅलरीत जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरही पाहिलं. दोन्हीकडे पूर्ण दिसत होतं. सुगतराव फोनवर बोलत होते, तेवढ्यात मी ते आणखी एकदा वाचून घेतलं.

लडकूदादा परवा आला. अबोला धरून आला होता, पण गुडघा दुखत होता. बाकावर बसून त्याने चष्मा लावला आणि आपलं नाव कुठे आहे का ते पाहायला गूगल उघडलं. दोनदा वाचलं.

“भावकीतला एक बी नाव ठेवला न्हाय पोरीनं,” तो म्हणाला. “आनि ह्यो बाबा कोन हाय, त्याला बरा येवढा टिंबाच्या अलीकडं बसवलान?”

“आहे एक,” मी म्हटलं, आणि बाहेर ट्रक थांबला होता म्हणून पत्ता सांगायला उठलो.